वरच्या वाडीची चढण

आमच्या ह्यांनी कितीतरी वर्षं महाड ते पाचाड एसटी चालवली, पण पाचाड गाव म्हणून काही पाहिलं नव्हतं. मी कधी विचारलं तर म्हणायचे, "गाडी वळवायची, चहा मारायचा, कंडक्टरनं घंटी दिली की निघायचं. गाव बघायला मी काय सहलीला जातोय?" गाडीतून उतरणारी माणसं मात्र सगळी बघायलाच आलेली असायची. कुणी रायगडावर चढायला, कुणी राजमातेच्या समाधीवर डोकं टेकायला. हे त्यांना बोटानं दिशा दाखवायचे. त्या दिशेला नेमकं काय आहे, ते ह्यांना दुसऱ्यांकडून ऐकूनच ठाऊक.

मी महाडातल्या एका शाळेत मराठी शिकवते. शाळेच्या सहलीबरोबर मी पाचाडला दोन-चारदा गेलेले. पण मुलांची डोकी मोजता मोजता काय दिसणार?

आषाढात ह्यांच्या छातीत दुखलं. ड्यूटी संपवून आले होते, हातपाय धुऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "पाठीत कळ येतेय गं." मी बाम आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा घामानं निथळत होता आणि ओठ पांढरे पडले होते. शेजाऱ्यांनी गाडी काढली, आम्ही थेट पनवेल गाठलं. तिथं हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. घरी सोडताना म्हणाले, "काका, आता काळजीचं कारण नाही. फक्त चालायचं. रोज चालायचं."

हे घरी आले आणि चालायचेच थांबले.

पलंगावरून ओटीवर, ओटीवरून मोरीत, एवढाच प्रवास. फाटकाबाहेर पाऊल नाही. मुलीनं बोटाला चिमट्यासारखं लावून ठोके मोजायचं एक यंत्र आणून दिलं होतं, ते दिवसभर खिशात. जेवण झालं की बोटाला लावायचे, शिंक आली की लावायचे. क्रिकेटचा सामना रंगात आला की टीव्ही बंद करायचे, छातीला ताण नको म्हणून. डेपोतले सोबती भेटायला आले तर आत जाऊन पडायचे आणि आपला डोळा लागलाय असं मला सांगायला लावायचे. गाडी पुन्हा हातात येणार नाही हे त्यांना कळलं होतं. त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटतं, भीतीपेक्षा लाजच जास्त होती. ज्या माणसानं धो धो पावसात, डोंगर रस्त्यावर उतरत असताना, भरलेली गाडी सुखरूप आणली, त्याला आता फाटकापर्यंत जायची धास्ती वाटत होती.

मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. ह्यांचं मूळ गाव पोलादपूरकडचं कापडे. तिथं भातकापणीला चला म्हटलं, काही करू नका, नुसते बांधावर बसा म्हटलं. "नाय. तिथं चढ हाय," हे एकच उत्तर.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी ऐरोलीहून मुलीचा फोन आला. बापाशीच बोलायचं म्हणाली. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाबा, पाचाडला आता पायी फिरायची वाट आखलीय. गाइड वगैरे लागत नाही. बाण बघत आपलं आपण फिरायचं. सगळं सपाट आहे, मी फोटो बघितलेत. आईला घेऊन जा ना."

सपाट या शब्दावर ह्यांनी मान वर केली. मी लगेच म्हटलं, "एसटीनंच जाऊ. तुमच्याच रस्त्यानं."

मी फोन ठेवला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "रविवारी सकाळच्या गाडीला गर्दी नसते."

मी पुढे काही बोललेच नाही. बोलले असते तर बेत मोडला असता.

रविवारी आम्ही निघालो. डब्यात घावन, पाण्याची बाटली, आणि माझ्या पर्समध्ये सगळी औषधं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी एका छोट्या डबीत वेगळी ठेवली होती. ह्यांनी आपला फोनही माझ्याकडेच दिला, खिशात जड होतो म्हणून. गाडीचा ड्रायव्हर नवा होता, ह्यांना ओळखत नव्हता. आम्ही त्याच्या मागच्याच बाकावर बसलो. दर वळणाला ह्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. नाते गाव मागे पडल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गियर उशिरा टाकला त्यानं." कोंझरच्या चढाला मात्र डोळे मिटून नुसता गाडीचा आवाज ऐकत बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. भात कापून झालेलं, खाचरं पिवळी पडलेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. वाल नुकते उगवून वर आले होते.

पाचाडला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. स्टँडच्या बाजूला पत्र्याचा एक फलक उभा केलेला, त्यावर गावाचा रंगवलेला नकाशा. आधी समाधी, मग वाडा, वाड्यातल्या विहिरी, गावातलं देऊळ आणि फिरून पुन्हा स्टँड. पिवळे बाण काही ठिकाणी दगडांवर काढले होते, काही ठिकाणी विजेच्या खांबांवर. ह्यांनी नकाशा नीट वाचला. हातात रूटचा कागद असावा तसा वाचला.

"चढ कुठं दाखवलेला नाय," म्हणाले आणि पहिल्या बाणाकडे वळले.

समाधीपाशी फारसं कुणी नव्हतं. झाडं, स्वच्छ झाडलेली वाट, आणि पहाटेचं दव अजून गवतावर. ह्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. एवढी वर्षं रोज इथून हाकेच्या अंतरावर गाडी वळवली, त्याचं त्यांना वाटत असावं. मी त्यांना सांगत होते, की वय झाल्यावर आईसाहेबांना गडावरचा वारा आणि थंडी सोसेना, म्हणून महाराजांनी आईसाठी खाली पाचाडला वाडा बांधला.

हे ऐकून म्हणाले, "म्हणजे त्यांनाही वरचं झेपत नव्हतं."

मी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. आषाढानंतर पहिल्यांदाच.

तिथून वाड्याकडे चालत गेलो. मध्ये दोनदा थांबलो, दोनदा बोटाला यंत्र लावून झालं. वाडा म्हणजे आता रुंद तटाची भिंत, आत मोकळं आवार, गवतात दिसणारी दगडी जोती आणि विहिरी. एका जोत्यावर झाडाची सावली पडली होती. तिथं हे बसले. डोक्यावरची कानटोपी काढून बाजूला ठेवली.

"तू जा विहीर बघून ये. मी बसतो इथं."

"बरं वाटतंय ना?"

"बरं आहे गं. दम खातो जरा. जा तू."

विहिरीपाशी दगडात घडवलेली टेकून बसायची जागा आहे. म्हणून तिला तक्क्याची विहीर म्हणतात. आईसाहेब तिथं बसून पाण्याला येणाऱ्या बायकांशी बोलायच्या, त्यांच्या घरातलं काय हवं-नको ते विचारायच्या, असं सांगतात. सहलीत हे मी मुलांना दर वेळी सांगितलेलं, पण तेव्हा माझं लक्ष कुणी विहिरीत वाकत नाही ना, याकडेच असायचं. त्या दिवशी एकटी होते. मी त्या तक्क्याशेजारी उभी राहिले आणि माझ्याच डोक्यात आलं, मला इथं कुणी विचारलं असतं, काय गं, घरी कसं चाललंय, तर मी काय सांगितलं असतं? गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. सगळे ह्यांचीच विचारपूस करत होते, आणि ते बरोबरही होतं. तरी डोळे भरून आले. तोंड पुसलं, तटाच्या कडेनं एक फेरी मारली. मध्येच कुणीतरी मोठ्यानं ओरडल्यासारखं ऐकू आलं. गुरांना हाकत असतील असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

परत आले तर जोत्यावर हे नव्हते.

कानटोपी तिथंच होती. पाण्याची बाटली होती. माणूस नव्हता.

आधी वाटलं, आडोशाला गेले असतील. हाक मारली. "अहो!" पुन्हा मारली. तटाच्या आत घुमून माझाच आवाज परत आला. जोत्यामागे गवत होतं तिथं जाऊन बघितलं, झुडपांत बघितलं. बघताना मी काय शोधतेय हे मला कळत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी तोंडानं देवाचं नाव घेत होते. फोन लावला. माझ्याच पर्समध्ये तो वाजला. त्याच पर्समध्ये ती गोळीची डबी होती. मी ती मुठीत घट्ट धरली आणि रस्त्याकडे धावले.

स्टँडवर नव्हते. समाधीपाशी नव्हते. रस्त्याच्या कडेला एक खाणावळ होती, दारात एक बाई तांदूळ निवडत बसलेली. मी धापा टाकतच विचारलं, "एक गृहस्थ बघितलेत का? उंच, चौकडीचा शर्ट, टक्कल आहे."

"नाय गो बाय. पर मगाशी वाड्याकडं कोण तरी बाई वरडली खरी. लय जोरात वरडली."

"का ओरडली?"

"काय ठावं? वरच्या वाडीतली म्हातारी होती. मग ती रडत रडत वर जाताना बघितली मी. मला वाटलं, तिच्या घरचंच कायतरी असंल." तिनं सूप बाजूला ठेवलं. "काय झालं गो? बस जरा. पानी देऊ?"

"वरची वाडी कुठे आहे?"

तिनं हात केला. वाड्याच्या मागल्या अंगाला डोंगरात जाणारी एक पायवाट होती. चांगली उभी चढण. त्या वाटेवर एकही पिवळा बाण नव्हता.

मी चढायला लागले. ओरडलेली बाई, रडणारी बाई, एवढंच डोक्यात. हे कोसळले असतील, तिनं पाहिलं असेल, ती ओरडली असेल. मग माणसं बोलवायला वाडीत गेली असेल. पण मग हे कुठे आहेत? उचलून नेलं म्हणावं तर एकटी म्हातारी कशी उचलेल? काही जुळत नव्हतं, तरी मी चढत होते. साडीचा काठ काट्यांत अडकून फाटला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मनात घोकत होते, आधी गोळी जिभेखाली, मग आडवं करायचं, मग गाडी. इथं गाडी कुठून येणार?

झाडी संपली आणि पहिलं घर दिसलं. कौलारू, पुढं सारवलेलं अंगण. आणि अंगणातून हसण्याचा आवाज आला.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. हे हसताना आधी खोकल्यासारखा आवाज काढतात आणि मग खो खो सुटतात.

अंगणात बाजल्यावर हे मांडी घालून बसले होते. समोर ताटलीत भाकरी आणि कुळथाची पिठी. पुढ्यात जमिनीवर एक म्हातारी बसली होती, सुरकुतलेली, काटक, पदरानं डोळे पुसत होती आणि त्याच वेळी हसतही होती. मला बघून ह्यांनी घास तसाच हातात धरला.

"अगं, तू कशी आलीस वर?"

मी अंगणाच्या कडेला मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मुठीतली डबी उघडून गोळ्या सारवणावर सांडल्या. म्हातारी लगबगीनं उठली, तांब्या आणला, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको गो बाय. जित्ता हाय तुझा नवरा. मी पाय बघून घेतलेत."

"पाय?" मी विचारलं.

मग दोघांनी मिळून मला सगळं सांगितलं. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं मध्येच तोडायचं.

ही म्हातारी ह्यांच्या गाडीची जुनी पाशिंजर. बाजाराच्या दिवशी वालाच्या शेंगा, करवंदं, जे काही असेल ते डोक्यावर घेऊन महाडला यायची. वाडीतून महाडच्या रस्त्याला उतरणाऱ्या तिच्या दुसऱ्या पायवाटेच्या तोंडाशी गाडीचा थांबा नव्हता, थांबा बराच पुढे. तरी हे तिच्यासाठी गाडी उभी करायचे. एखाद्या दिवशी ती दिसली नाही तर थोडं थांबून, भोंगा वाजवून मग निघायचे. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. घरी येऊन असलं काही सांगायची त्यांची पद्धत नाही.

आषाढानंतर दुसराच ड्रायव्हर यायला लागला. तो काही तिच्यासाठी थांबेना. एकदा स्टँडवर तिनं कंडक्टरला विचारलं, "पहिले डायवरदादा कुठं हायत रे?"

कंडक्टर घाईत होता. म्हणाला, "गेले ते."

"मी काय समजनार?" म्हातारी मला म्हणाली. "माझी भाची तळीयेला दिलेली. दरड आली तवा सकाळी मानसं येऊन हेच बोलली, गेली ती म्हनून. तवापासून कोन 'गेले' बोलला, का मला दुसरं काय ऐकूच येत नाय."

ह्यांनी ताटली खाली ठेवली होती.

मग तिनंच पुढे सांगितलं. तिला ह्यांचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, घर ठाऊक नाही. विचारायचं कुणाला? पण सर्वपित्रीला तिनं आपल्या नवऱ्याचं, सासऱ्याचं, भाचीचं पान वाढलं, तेव्हा एक पान डायवरदादांचंही वाढलं. खीर, वडे, भाजी, सगळं. सगळी पानं कौलांवर ठेवली.

"बाकीच्यांला कावळा लगेच शिवला," ती सांगायला लागली. "दादांच्या पानाला शिवंना. दुपार झाली, तरी शिवंना. मी हात जोडलं, बोलले, काय राह्यलंय रे बाबा तुझं मनात? पोरांची काळजी हाय काय? गाडीत जीव आडकलाय काय? तरी नाय. शेवटी गायीला घातलं. तवापासून जीवाला घोर, का ह्या मानसाची इच्छा काय राह्यली असंल."

"शिवेल कसा?" हे म्हणाले. "मी तेव्हा महाडात ओटीवर बसून दूधभात खात होतो." आणि पुन्हा खो खो हसायला लागले. मला हसावं की काय करावं कळेना. माझ्या जिवंत नवऱ्याचं श्राद्ध इथं डोंगरात झालं होतं, आणि ते करणारी बाई त्याच्यासमोर भाकरीवर भाकरी वाढत होती. अभद्र वाटायला हवं होतं. पण मला तेव्हा तसं काहीच वाटलं नाही. उलट असं वाटलं, की महाडात मी एकटीच ह्यांची काळजी वाहतेय असं समजत होते, तर इथं वर आणखी एक बाई ह्यांचा घोर लावून घेऊन बसली होती.

त्या सकाळी ती डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन वाड्याशेजारून चालली होती. झाडाखाली जोत्यावर मेलेला डायवर बसलेला. मोळी टाकून ती किंचाळली. तोच आवाज मी ऐकला होता.

"मला बोलली, पाय दाखव," हे म्हणाले. "उलटे हायत का ते बघायला. मी चपला काढून दोन्ही पाय पुढे केले. तिनं हात लावून बघितलं. मग गळ्यात पडून रडायलाच लागली. आणि बोलली, आता घरी चल, माझ्या हातचं खाल्ल्याबिगर सोडत नाय. मी तिला सांगत होतो, की बायको येईल, थांब. तर म्हणे माझ्या पोरीबरोबर बायकोला निरोप धाडते, ते बघ घर हितं हाय. हितं, हितं करत वर आणलं. पोरगी काय घरात नव्हती."

"आणि मोळी?"

"मोळी तिनं उचलली. मी कोयता घेतला." पुढे म्हणाले, "चपला घालेस्तवर ती पुढं गेली होती, मग तिला गाठून बोलत बोलत चाललो. तिच्या वाटेवर गाडी थांबत नाय आता, तेच सांगत होती सगळं."

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मागे वळून, मी ज्या वाटेनं आले त्या वाटेकडे पाहिलं. झाडीतून खाली पाचाडची कौलं दिसत होती, वाड्याचा तट दिसत होता. खूप खाली दिसत होता. ह्यांचा चेहरा बदलला. हात खिशाकडे गेला, पण तसाच मांडीवर परत आला.

"हे सगळं मी चढलो?" हळूच विचारलं.

"मग काय उचलून आणलं तुला?" म्हातारी म्हणाली. "खा गपचूप. गार होतंय."

त्यांनी खाल्लं. मलाही खायला बसवलं. आमचे घावन मी पर्समधल्या डब्यातून काढले, ते म्हातारीनं चाखून बघितले आणि मीठ कमी आहे म्हणाली. डॉक्टरांनीच कमी सांगितलंय म्हटल्यावर डॉक्टरांच्या नावानं काहीतरी पुटपुटली. पिठीत तेल नावालाच होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. भाकरी खरपूस होती, आणि भीती गेल्यावर मला एवढी भूक लागली, की मी लाज न बाळगता आणखी मागून घेतली. म्हातारी मग माझ्याकडे वळली. घरी कोण कोण आहे, मुलगी कुठे दिली, शाळेत पोरं त्रास देतात का, रात्री झोप लागते का. सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. ह्यांच्यादेखत सांगितलं, की रात्री दहादा उठून ह्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. हे मान खाली घालून ऐकत होते.

निघताना म्हातारी बांधापर्यंत आली. ह्यांनी तिला सांगितलं, "मावशी, नव्या पोराशी बोलतो मी. तुझ्यासाठी गाडी थांबंल." डेपोतल्या लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून आत जाऊन झोपणारा माणूस हे बोलत होता.

उतरताना मी त्यांचा हात धरला होता. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी तो सोडवून घेतला आणि उलट मलाच धरलं, कारण घसरत मीच होते. खाली जोत्यावर कानटोपी होती तिथंच होती. विहीर ह्यांनी पाहिली नव्हती, म्हणून पुन्हा आत गेलो. तक्क्याच्या दगडावर त्यांनी तळहात ठेवला, उन्हानं तो तापला होता. तिथून बाणांच्या मागे देवळापर्यंत गेलो, घंटा वाजवली आणि गाव संपवूनच स्टँडवर आलो. खाणावळीतली बाई दारातच उभी होती. ह्यांना बघून तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "गावला गो बाय!" ती ओरडली. मग तिचा चहा घ्यावाच लागला.

परतीच्या गाडीत चढताना हे ड्रायव्हरच्या खिडकीशी थांबले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तो तरुण पोरगा आधी आखडून बसला होता, मग खाली उतरून ह्यांच्या पाया पडला. गाडी सुटली. थोड्याच वेळात एका वळणावर ह्यांनी मला कोपरानं खुणावलं. रस्त्याला एक पायवाट येऊन मिळत होती, बाकी काही नाही, पाटी नाही की शेड नाही. "ही तिची जागा," म्हणाले. ड्रायव्हरनंही तिकडे मान वळवून पाहून घेतलं.

मी खिडकीला डोकं टेकलं. कोंझरच्या आधीच मला गाढ झोप लागली. महाड आलं तेव्हा ह्यांनीच मला हलवून उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला हे स्वतः गेले. मी फाटकाशी उभी राहून ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते, आणि मग आत येऊन चहाचं आधण ठेवलं. आता ते रोज जातात, हल्ली थेट डेपोपर्यंत. म्हातारी बाजाराच्या दिवशी कधी कधी आमच्याकडे येते. पाटी ओटीवर उतरवते आणि दारातूनच हाक मारते, "हायस काय रे डायवरदादा?"

"हाय गो मावशी, हाय," हे आतून ओरडतात.